खेळण्याचें योगक्षेम

प्रस्तुत लेखाचा विषय ऐकून आमच्या कित्येक वाचकांस नवल वाटेल, आणि कित्येक गृहिणींस कदाचित् थोडा रागही येईल. मुलाच्या हातांतील व्हिडिओ गेम काढून कसा घ्यावा, ही ज्या घरांत रोजची विवंचना, त्याच घरांत त्या खेळण्याची ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट कशी करावी हें सांगत बसणें म्हणजे चोराच्या हातीं किल्ल्या देण्यासारखें आहे, असा आक्षेप कोणीही घेईल. तो आम्हांस मान्य आहे. तरीही आमचें म्हणणें असें कीं, यंत्र घरांत आलें तें आलेंच. खेळावें किती ह्याचा बंदोबस्त आई-बापांनीं अवश्य करावा. पण वस्तूची निगा कशी राखावी हें शिकविण्याची जी संधि आयती चालून आली आहे, ती वडील माणसांनीं वायां दवडूं नये. शिवाय ह्या लहानशा कामांत जो विवेक लागतो, तोच घरांतील मोबाइल फोनास आणि संगणकासही लागतो; आणि तेथें तो सुटला तर नुकसान खेळापुरतें राहत नाहीं.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. वाशी, नेरूळ, खारघर ह्या आमच्या बाजूस सुटीच्या दिवसांत तळहाताएवढें एक यंत्र मुलांच्या हातीं दिसतें. आर३६एस असें त्याचें नांव. चीनमध्यें तयार होणारें हें यंत्र २०२३ च्या अखेरीस बाजारांत आलें आणि स्वस्ताईमुळें थोड्याच काळांत जगभर पसरलें. साडेतीन इंचांचा पडदा, त्यावर ६४० गुणिले ४८० ठिपके, रॉकचिप कंपनीचा आरके३३२६ हा प्रोसेसर, एक गीगाबाइट मेमरी, आणि कडेला नखाएवढीं मायक्रो एसडी कार्डें घालण्यासाठीं दोन खाचा, इतकाच त्याचा संसार आहे. एका खाचेंतील कार्डावर यंत्राचा सर्व कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिम असते. दुसऱ्या खाचेंतील कार्ड खेळांसाठीं.

ह्या यंत्राचें काम सोंग वठविण्याचें आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनें १९८३ सालीं फॅमिकॉम नांवाचें यंत्र काढलें. टीव्हीला जोडावयाच्या त्याच्या नकला १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडेही पुष्कळ घरांत आल्या होत्या. त्याच कंपनीनें १९८९ सालीं हातांत धरून खेळण्याचा गेम बॉय काढला. त्याचा पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा, त्यांत छटा अवघ्या चार, मेमरी आठ किलोबाइट, आणि चालावयास चार पेन्सिल सेल. अशा जुन्या यंत्रांचें सोंग नव्या यंत्रांत हुबेहूब आणणाऱ्या ज्या आज्ञावल्या आहेत, त्यांस एम्युलेटर म्हणतात. त्यांच्या जोरावर बापानें लहानपणीं कॅसेट घालून खेळलेला खेळ आज मुलगा लोकलच्या बाकावर बसून खेळूं शकतो.

परंतु जुन्या यंत्रांत आणि ह्या नव्या सोंगाड्यांत एक मोठा भेद आहे. गेम बॉयचा कारभार चिपेंत आणि कॅसेटींत कायमचा कोरलेला असे. शिलालेखांत जसें एक अक्षर फिरवितां येत नाहीं, तसेंच तें. त्यांत एखादा दोष राहिला तर तो जन्मभर राहणार; पण कोणी अजाणतां पुसूं म्हटलें तरी पुसणारही नाहीं. कांहीं कॅसेटींत एक बारीक बटन सेल बसविलेला असे, आणि खेळाडूची प्रगति तेवढी त्याच्या आधारानें टिके; सेल संपला कीं ती नाहींशी होई. नव्या यंत्रांत मात्र सगळाच कारभार एका सुट्या कार्डावर लिहिलेला असतो. शिलालेखाच्या जागीं पाटी आली. पाटीवर हवें तें लिहितां येतें, हा तिचा गुण. हवें तें पुसलेंही जातें, हा तिचा धोका.

येथें संस्कृतांतील एका शब्दाचा आम्हांस आधार घ्यावासा वाटतो. 'योगक्षेम' हा शब्द आपण मराठींत उदरनिर्वाह ह्या ढोबळ अर्थानें वापरतों. टीकाकारांनीं मात्र त्याचे दोन अवयव निरनिराळे करून दाखविले आहेत. जें आपणांजवळ नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें आहे त्याचें रक्षण करणें हा क्षेम. अपडेट करणें हा उघड उघड योग आहे. शब्दांत योग आधीं येतो आणि क्षेम मागून. ह्या कामांत मात्र तो क्रम उलटा धरावा लागतो. आधीं क्षेम, मग योग. आम्हांस ह्या लेखांत सांगावयाचें आहे तें एवढेंच. बाकीचा सर्व त्याचा विस्तार समजावा.

क्षेमाची हयगय झाली म्हणजे काय होतें, ह्याचें एक उदाहरण आम्हीं जवळून पाहिलें. आमच्याच इमारतींत राहणारा एक बारा वर्षांचा मुलगा अशा यंत्रावर शेतीवाडीचा एक खेळ खेळत असे. त्या खेळांत गोळ्या झाडणें नाहीं, कोणास मारणें नाहीं. जमीन नांगरावी, बी पेरावें, गाय पाळावी, चार पैसे सांठवून घर वाढवावें, असा तो संथ खेळ आहे. शाळा आणि क्लास संभाळून, रोज अर्धा तास ह्या हिशेबानें, त्यानें सुमारें सहा महिने तें शेत पिकविलें होतें. पुढें यंत्र मधूनमधून अडकूं लागलें, म्हणून वडिलांनीं तें एका दुकानदाराकडे दिलें. दुकानदारानें कार्ड पुसून त्यावर नवी सिस्टिम चढविली आणि दुसऱ्या दिवशीं यंत्र चकचकीत करून परत केलें. त्यांत खेळ पूर्वीपेक्षां अधिक होते. शेत मात्र नव्हतें. 'आजोबा, माझं शेत गेलं,' इतकेंच तो आम्हांस म्हणाला, आणि पुढें पंधरा दिवस त्यानें त्या यंत्रास हात लावला नाहीं.

घरांतील मंडळी ह्यावर हंसली. खेळच तर तो, पुन्हां खेळ, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस तें पटलें नाहीं. सहा महिने नेमानें केलेलें कोणतेंही काम पुसलें गेलें असतां मनुष्यास वाईट वाटतें, तें काम काय होतें ह्यावर तें दुःख अवलंबून नसतें. आपली हिशेबाची वही किंवा जमवलेलीं पत्रें कोणी रद्दींत घातलीं, तर 'पुन्हां लिहा' असें आपणांस कोणी म्हटलेलें चालेल काय? मुलाच्या वस्तूस आपण मोल दिलें नाहीं, तर उद्यां आपल्या वस्तूंस तो मोल देईल अशी आशा कशाच्या बळावर धरावयाची? आणि खरी खंत अशी कीं, तें शेत वांचविणें पांच मिनिटांचें काम होतें. कार्ड पुसण्यापूर्वीं 'ह्यांत तुझें काय आहे?' असा एक प्रश्न त्या मुलास कोणी विचारला नाहीं.

आतां अपडेट करावेंच कीं नाहीं, हा पहिला विचार. नवें आहे म्हणून करावें, हें कारण पुरेसें नव्हे. मूळ आर३६एस यंत्रास अंगचें वायफाय नसतें; तें जगाशीं जोडलेलें नाहीं, त्यांत बँकेचें खातें नाहीं, कोणाचा संकेतशब्द नाहीं. तेव्हां सुरक्षिततेच्या कारणासाठीं घाई करण्याची त्यास गरज नाहीं. खेळ सुरळीत चालत असतील तर त्यास खुशाल जसेंच्या तसें राहूं द्यावें. एखादा खेळ अडखळत असेल, आवाज फाटत असेल, यंत्र सुरू होतांना मधेंच थांबत असेल, तर अपडेटचा विचार करावा. आणखी एक कारण महत्त्वाचें आहे. यंत्राबरोबर जीं कार्डें येतात तीं बहुधा बिननांवाचीं आणि हलक्या प्रतीचीं असतात, व पुष्कळदां अचानक बंद पडतात. सिस्टिम नवी करण्यापेक्षां कार्ड नवें करणें, हीच अनेक वेळां खरी निकड असते.

ह्याच्या उलट मोबाइल फोनाचें. त्यांत आपलें खातें, पेन्शन, ओळखपत्रें, कुटुंबाचीं छायाचित्रें सर्व असतें, आणि तो अहोरात्र जगाशीं जोडलेला असतो. तेथील सुरक्षा-अपडेट म्हणजे दाराच्या कडीची दुरुस्ती आहे. ती लांबणीवर टाकूं नये. विंडोज १० ह्या सिस्टिमचा सर्वसाधारण पाठिंबा मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. ज्यांच्या घरीं अद्याप तीच चालू असेल, त्यांनीं जाणत्या माणसास दाखवून पुढील सोय करून घेणें अगत्याचें आहे. परंतु घरोघर उलटाच प्रकार दिसतो. नातू आपलें खेळणें दर पंधरवड्यास अपडेट करावयास धांवतो, आणि आजोबा फोनावर आलेली सूचना 'नंतर' म्हणून वर्षभर ढकलीत राहतात. दोघांनीं आपापल्या उत्साहाची अदलाबदल केली, तर दोघांचेंही कल्याण होईल.

ही नवी सिस्टिम तयार तरी कोण करतो? येथें एक विशेष गोष्ट वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. ह्या यंत्राबरोबर सामान्यतः जी सिस्टिम येते तिचें नांव आर्क ओएस. तिचा पाया लिनक्स, जें हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं सुरू केलें आणि ज्याची घडण सर्वांस खुली आहे. आर्क ओएस यंत्र विकणाऱ्या कारखान्यानें लिहिलेली नाहीं. ती हौसेनें काम करणाऱ्या माणसांची आहे, आणि आर३६एस ह्या यंत्रास ती नीट जुळवून घेण्याचें कामही पुढें अशाच स्वयंसेवकांनीं केलें. कारखाना यंत्र विकतो आणि मोकळा होतो. त्याची निगा जगाच्या चार कोपऱ्यांतील अनोळखी माणसें पदरचा वेळ खर्चून राखतात. घडण खुली असल्याचा लाभ असा कीं, एकानें काम सोडलें तरी तें दुसऱ्यास उचलतां येतें. अशा हातयंत्रांसाठींच असलेली जेलॉस नांवाची एक सिस्टिम २०२४ सालीं बंद झाली. तिच्याच पायावर रॉकनिक्स उभी राहिली. गुरूच्या पश्चात् शिष्यानें पाठशाळा चालविल्याचीं उदाहरणें आपणांस परकीं नाहींत. मुलास हें अवश्य सांगावें. फुकट मिळालेल्या वस्तूमागें कोणाचे तरी श्रम असतात, हें त्यास कळलें म्हणजे तो ती अधिक जपून वापरतो.

आतां प्रत्यक्ष कृति. ती मुलानें करावी आणि वडील माणसानें शेजारीं बसावें. उलट करूं नये.

आरंभीं यंत्र त्याच्या यादींतील बंद करण्याच्या आज्ञेनें बंद करावें, आणि मगच कार्ड काढावें. चालू यंत्रांतून कार्ड ओढलें असतां अर्धवट लिहिलेलें वाक्य जसें लोंबकळत राहतें तशा फायली अर्धवट राहतात, आणि सगळें कार्डच वाचेनासें होतें.

कार्ड संगणकांत घातल्यावर विंडोज बहुधा एक भीतिदायक सूचना दाखवितें: हें कार्ड वापरण्यापूर्वीं फॉरमॅट करावें लागेल, करूं काय? येथें 'नाहीं' असेंच उत्तर द्यावयाचें, हें मुलाकडून तीनदां वदवून घ्यावें. कार्ड बिघडलेलें नसतें. त्यावरील कांहीं भाग लिनक्सच्या पद्धतीनें लिहिलेला असतो आणि विंडोजला ती लिपि वाचतां येत नाहीं, इतकेंच. मोडी न येणाऱ्यानें मोडींतील दस्तऐवज कोरा समजून फाडावा, तसा हा प्रकार आहे.

त्यानंतर जुन्या कार्डाची संपूर्ण प्रत संगणकावर उतरून घ्यावी. विन३२ डिस्क इमेजर नांवाची एक मोफत आज्ञावली हें काम करते. मग खेळाडूची जी जतन केलेली प्रगति, ती निराळी उतरावी. ती दोन प्रकारची असते हें ध्यानांत ठेवावें. खेळानें स्वतःच्या नियमानें जतन केलेली प्रगति हा एक प्रकार. ती म्हणजे जुन्या कॅसेटींतील बटन सेलवर टिकणारी जी स्मृति, तिचेंच नवें रूप, आणि एम्युलेटर बदलला तरी ती सामान्यतः चालते. एखाद्या क्षणीं यंत्राच्या सर्व अवस्थेचें जणूं छायाचित्र काढून ठेवलेली 'स्टेट' हा दुसरा प्रकार. ती एम्युलेटरच्या नव्या आवृत्तींत उघडेलच अशी खात्री नसते. म्हणून अपडेटच्या आदल्या दिवशीं मुलानें प्रत्येक आवडत्या खेळांत शिरून, खेळाच्या आंतूनच प्रगति जतन करावी. आमच्या त्या शेतकऱ्याचें शेत अशा एका लहानशा फायलींत मावत होतें.

ह्यापुढील नियम सर्वांत मोलाचा: जुन्या कार्डावर कधींही नवें लिहूं नये. नामांकित कंपनीचें नवें कार्ड खात्रीच्या दुकानांतून आणावें आणि नवी सिस्टिम त्यावर चढवावी. जुनें कार्ड एका पाकिटांत घालून, वर तारीख आणि यंत्राचें नांव लिहून, कपाटांत ठेवावें. नवें नीट चाललें नाहीं तर जुनें परत खाचेंत घालावें. यंत्र काल होतें तसें आज होईल. जुनें कार्ड खऱ्याच मोडक्या स्थितींत असेल, तर उतरून ठेवलेली प्रत उपयोगी पडते. पोथी जीर्ण झाली म्हणजे आपले लेखनिक नवी प्रत करीत, पण नवी प्रत पुरी होऊन मूळ पोथीशीं ताडून पाहिल्यावांचून मूळ पोथी कोणी गंगार्पण करीत नसे. तोच दंडक येथें आहे.

नवी सिस्टिम ती तयार करणाऱ्यांच्या मूळ ठिकाणाहूनच उतरून घ्यावी. कोणी मित्रानें पेनड्राइव्हवर दिलेली घेऊं नये. पुष्कळदां मूळ फायलीसोबत आंकडे आणि अक्षरें मिळून एक लांब खूण दिलेली असते. उतरलेल्या फायलीवरून संगणक तीच खूण पुन्हां काढून देतो, आणि दोन्हीं जुळल्या तर वाटेंत एक अक्षरही बदललें नाहीं असें समजावें. ती फाइल कार्डावर उतरविण्यासाठीं बलेना एचर किंवा रूफस ह्या आज्ञावल्या आहेत. एचर लिहून झाल्यावर लिहिलेलें पुन्हां वाचून पाहतो. तें तपासणें घाईनें थांबवूं नये. मात्र लिहिण्याची आज्ञा देण्यापूर्वीं कोणत्या कार्डावर लिहावयाचें तें दोघांनीं मोठ्यानें वाचावें. तेथें भलत्याच डिस्कचें नांव निवडलें गेलें, तर ती पुसली जाईल.

एक अडचण ह्या यंत्राची खास आहे. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या यंत्रांत आंतील पडदे निरनिराळ्या जातींचे बसविलेले असतात, आणि शिवाय हुबेहूब दिसणाऱ्या नकलाही बाजारांत पुष्कळ आहेत. पडद्याची जात ज्या बारीक फायलींत लिहिलेली असते तिच्या नांवाच्या शेवटीं डीटीबी हीं अक्षरें असतात. ती चुकीची असली तर यंत्र सुरू होतें, आवाजही येतो, पण पडदा काळाच राहतो, आणि यंत्र मेलें असें समजून घरांत हाहाकार होतो. यंत्र मेलेलें नसतें. म्हणून जुन्या कार्डाच्या 'बूट' नांवाच्या भागांतील ह्या फायली आधींच उतरून जपून ठेवाव्या, आणि नवी सिस्टिम निवडतांना आपल्या पडद्याची जात पाहून निवडावी. दुकानदार ही माहिती बहुधा देत नाहीं. ती जुन्या कार्डावरच असते. जें आपण टाकून द्यावयास निघालों होतों, त्याच्याच पोटांत नव्याची किल्ली होती, असा हा मासला आहे.

शेवटीं बॅटरी पूर्ण भरून नवें कार्ड घालावें. पहिल्या वेळीं यंत्र कार्डावरील जागेची मांडणी करतें व त्यास कांहीं मिनिटें लागतात. तेवढा वेळ हात मागें बांधून बसणें हाही शिक्षणाचाच भाग आहे.

एवढा बारीक विचार एका खेळण्यासाठीं कशाला, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं आमच्याच शहराच्या कडेला घडलेली एक गोष्ट आठवावी. २७ जून २०१७ रोजीं नॉटपेट्या नांवाचा घातक विषाणु जगभरच्या संगणकांत पसरला. त्याच्या तडाख्यांत डेन्मार्कची मर्स्क ही मोठी जहाज-कंपनी सांपडली, आणि तिच्या समूहाकडील न्हावा-शेवा येथील गेटवे टर्मिनल्स इंडिया ह्या टर्मिनलाचें कामकाजही ठप्प झालें. १९८९ पासून चालू असलेलें हें आपलें जवाहरलाल नेहरू बंदर. त्याच्या एका टर्मिनलावर मालानें भरलेले कंटेनर अडकून पडले, आणि कोणता कंटेनर कोठें जावयाचा हें सांगणारा संगणक मुका झाला.

तो विषाणु शिरला कसा, हें ऐकण्यासारखें आहे. युक्रेन देशांत करांचे हिशेब ठेवण्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक ह्या आज्ञावलीच्या अपडेट पुरविणाऱ्या व्यवस्थेंतच हल्लेखोर शिरले होते, आणि अपडेट म्हणूनच तो विषाणु ग्राहकांकडे गेला. पुढें पसरतांना त्यानें विंडोजमधील ज्या भगदाडाचा उपयोग केला, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्च २०१७ मध्येंच दिलेली होती. पुष्कळांनीं ती बसविलेली नव्हती. ज्यांनीं बसविली होती, त्यांपैकींही कित्येक शेजारच्या संगणकांतून चोरलेल्या संकेतशब्दांमुळें बळी पडले. म्हणजे अपडेट न केल्यानें हानि झाली, आणि एका अपडेटमधूनच हानि आली. 'नेहमीं अपडेट करा' आणि 'कधींच करूं नका' हे दोन्हीं सोपे उपदेश त्या दिवशीं निकामी ठरले.

मर्स्क वांचली ती क्षेमानें, आणि तेंही दैवयोगानें. कोणास कोठें प्रवेश आहे हें ठरविणारे तिचे मुख्य संगणक जगभर होते आणि एकमेकांची प्रत ठेवून होते. त्यामुळें एक गेला तर दुसरा आहे असा भरंवसा होता. पण सर्व एकमेकांस जोडलेले असल्यानें सर्वच एकदम पुसले गेले. उरला एक, आफ्रिकेंतील घाना देशांतला. कारण हल्ल्याच्या वेळीं तेथें वीज गेली होती आणि तो बंद पडला होता. वीज जाण्याचा असा उपकार आपल्या महाराष्ट्रांतील वाचकांस विशेष नवलाचा वाटेल. घानांतील कर्मचाऱ्यांजवळ ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून त्या संगणकांतील डिस्क एकानें नायजेरियाच्या विमानतळावर नेऊन दुसऱ्याच्या हातीं दिली, आणि त्यानें ती लंडनला पोहोंचविली. कंपनीच्या अध्यक्षांनीं पुढें जानेवारी २०१८ मध्यें सांगितलें कीं, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानें उभारावे लागले. नुकसानीचा अंदाज पंचवीस ते तीस कोटी डॉलरचा होता.

ह्या गोष्टींतून आमच्या पाकिटांतील कार्डाचें मर्म स्पष्ट होतें. यंत्रालाच जोडलेली प्रत ही खरी प्रत नव्हे. ती अलग आणि बंद ठेवलेली असेल, तरच संकटांत उपयोगी पडेल.

एक कर्तव्य उरतें. नव्या कार्डावर विक्रेत्यानें भरून दिलेले हजारों खेळ नसतात, आणि आतां त्यावर काय भरावें हा प्रश्न मुलापुढें येतो. ते खेळ बहुधा मालकांच्या परवानगीवांचून भरलेले असतात, हें त्यास स्पष्ट सांगावें. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमांत, ज्याच्याजवळ एखाद्या आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणें आहे त्यास, नाश किंवा हानि ह्यांपासून संरक्षण म्हणून तिची जादा प्रत करण्याची मुभा आहे. क्षेमास कायद्याची अशी अनुमति आहे. दुसऱ्याच्या वस्तूच्या योगास नाहीं. कर्त्यांनीं स्वखुषीनें सर्वांस मोफत दिलेले खेळही पुष्कळ आहेत. आरंभ त्यांपासून करावा. आणि यंत्र सर्वस्वीं निकामी झालें, तर तें केराच्या डब्यांत टाकूं नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत हातांतील व्हिडिओ गेमही येतात. तें अशा कचऱ्याचा संग्रह करणाऱ्यांकडेच द्यावें.

आमच्या वाचकांनीं ह्या महिन्यांत एक रविवार एवढ्यासाठीं काढून ठेवावा. मुलाच्या किंवा नातवाच्या शेजारीं बसून त्याच्या खेळांतील प्रगति उतरून घ्यावी, जुनें कार्ड पाकिटांत घालावें, आणि मग त्यालाच आपला फोन दाखवून विचारावें, कीं ह्यांतील कोणतीं छायाचित्रें आणि कोणते कागद जगांत एकाच ठिकाणीं आहेत? उत्तर ऐकून बहुधा आजोबांसच घाम फुटेल. त्यांची प्रत एका निराळ्या डिस्कवर करून ती कपाटांत त्या पाकिटाशेजारीं ठेवावी, आणि वर्षभर 'नंतर' म्हणून ढकललेली ती फोनाची सूचना त्यानंतर स्वीकारावी.